लहानपणी तुमचं ऐकून कोण घ्यायचं? (अनुभव धागा)

मी डहाणू तालुक्यात एकवीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. कोसबाडची टेकडी आमच्यापासून जवळच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. थोरल्या मुली शाळेत का येत नाहीत, तर कडेवर धाकटं भावंड! मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, तिला विकासवाडी म्हणत. मूल शिकत नाही असं म्हणण्याआधी त्याच्या कडेवर काय आहे ते बघायचं, हे मी तिथून घेतलं.

तरीही चुकले. साडेतीन वर्षांचा एक मुलगा दोन महिने माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी त्याला मनातल्या मनात ‘मागे पडलेला’ ठरवून टाकलं होतं. परवा आमच्या मदतनीस ताईंनी त्याच्याशी वारली बोलीत बोलायला सुरुवात केली, त्याच्या घरच्या कोंबडीबद्दल. पोरगा इतका बोलला की खिचडी निवून गेली. त्याच्या घरची भाषा ही वारली बोली, मी मात्र दोन महिने पुस्तकी मराठीत ‘तुझं नाव काय’ विचारत बसले होते. मला फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. लहानपणी तुमच्या भोवती कोण होतं, काय होतं, आणि त्यानं तुमचं काय झालं? सविस्तर लिहा. नावं नकोत.

बीड जिल्हा, परिचारिका

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, ती गेली की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, गावाचं तोंड दिसायचं नाही. कोयता म्हणजे तोडीची जोडी, नवरा-बायको मिळून एक, उचल (आगाऊ पैसे) दोघांच्या नावावर घेतलेली, त्यामुळे आईला मागं राहता येत नव्हतं. सात वर्षांची होईपर्यंत मीही सोबत जायचे. पहाटे अंधारात आई फडात निघायची आणि कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, धाकट्याला मी सांभाळायचे. तो रडला की उसाचं कांडं चोखायला द्यायचं. माझं नाव गावच्या शाळेच्या हजेरीत, आणि मी तिथून दोनशे किलोमीटर लांब.

दुसरीनंतर आजीनं मला ठेवून घेतलं. सगळे म्हणाले, पोरगी सुटली. शाळेपुरती सुटलेच. पण त्या पहिल्या हिवाळ्यात, आठ वर्षांची असून, मी रात्री अंथरूण ओलं करायचे. आजी एकदाही रागावली नाही. शेजारपाजार उठायच्या आत गोधडी धुऊन वाळत टाकायची. हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय.

संध्याकाळी मुकादमाच्या फोनवरून आईचा फोन यायचा. दोन मिनिटं. आई शाळेत गेलेली नाही, पण तिचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘आज बाईंनी काय सांगितलं?’ जेवलीस का, हे नंतर. तिला सांगायला काहीतरी हवं म्हणून मी वर्गात कान देऊन बसायचे. माझा अभ्यास त्या दोन मिनिटांवर झाला, असं मी मानते.

भाऊ मात्र आईजवळच वाढला. चौथीत शाळा सुटली त्याची. पण आईच्या चेहऱ्याकडे बघून तिला कुठं दुखतंय ते तो ओळखतो. मला विचारावं लागतं.

डहाणू

ताई, तुमच्या आजीपाशी बराच वेळ थांबले. पालकसभेत मी नेहमी सांगते की पोरानं अंथरूण ओलं केलं तर मारू नका. यापुढे गोधडीची गोष्ट सांगेन, चालेल ना?

श्टुटगार्टजवळ, जर्मनी

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर किंडरगार्टनमध्ये घातली. इथे सुरुवातीला पालकानंही वर्गात बसायचं असतं, त्याला आइनगेवोनुंग म्हणतात. पहिले काही दिवस मुलाला सोडून जायचंच नाही. मग थोडा वेळ बाहेर, मग थोडा जास्त. रडणारं मूल तिथल्या बाईंच्या जवळ शांत होऊ लागलं की मगच घरी जायचं. माझे तीन आठवडे गेले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘एवढं कशाला? आपल्याकडे फाटकातून उचलून नेतात, चार दिवसांत गप्प होतात.’ खरं आहे, सोलापुरात मीही तशीच गप्प झाले होते. गप्प होणं वेगळं आणि रुळणं वेगळं, हे मला त्या बुटक्या खुर्चीवर बसून समजलं.

नंदुरबार

आश्रमशाळेत दहा वर्षं काढली. चांगलं इतकंच, की स्वयंपाकाच्या मावशींना माझी भूक ठाऊक होती. दीड भाकरी, न विचारता. वाईट बरंच आहे, ते इथे लिहिणार नाही.

परळ, आता बदलापूर

वडील कापडगिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमची खोली दहा बाय बाराची. पाळीच्या वेळा मोडल्या आणि वडील दिवसभर घरात, भिंतीकडे तोंड करून. आई खानावळीचे डबे करू लागली. मी आधीपासून अडखळत बोलायचो, त्या वर्षी ते फार वाढलं. घरात कुणालाच थांबायला सवड नव्हती. माझं वाक्य आईच पुरं करायची, वडील ‘नीट बोल’ म्हणून ओरडायचे. त्यांना दोष देत नाही. बिगारीचंही काम मिळत नव्हतं त्यांना.

समोरच्या खोलीतल्या काकू दुपारी गॅलरीत तांदूळ निवडत बसायच्या. मी जाऊन बसायचो. शब्द अडकला की त्या माझ्याकडे बघत नसत, निवडत राहायच्या. घाई नाही, मदतही नाही. शब्द आला की मान वर करून म्हणायच्या, ‘बरं, मग?’ किती दुपारी अशा गेल्या, मोजलेलं नाही. अडखळणं पूर्ण गेलं नाही, पण माझी बोलायची भीती गेली ती त्या गॅलरीत.

चाळ पडली, माणसं विरार, बदलापूर, कुठं कुठं गेली. काकू वारल्या तेव्हा तेराव्याला जुने शेजारी जमले होते. कुणीतरी चार शब्द बोला म्हणाले. मी उठलो. दोनदा अडकलो. मध्ये कुणी बोललं नाही.