मदत हवी आहे : विल्सनच्या आजारात फायब्रोस्कॅनच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याला, वय १७, विल्सनचा आजार आहे. एटीपी७बी जनुकातल्या दोषामुळे तांबं पित्तावाटे नीट बाहेर पडत नाही, यकृतात साठतं. तांबं शरीराबाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध चालू आहे.

सुरुवातीला फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) १२.४ किलोपास्कल होता, आता ८.१ आलाय. ताई तर पेढे वाटायला निघाली होती! मला मात्र शंका आहे. पहिल्या वेळी एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) बरंच वाढलेलं होतं, आणि यकृताला सूज असली की कडकपणाचा आकडाही चढतो. मग तो उतरला कशामुळे, फायब्रोसिस (यकृतातले व्रण) कमी झाल्यामुळे की नुसती सूज ओसरल्यामुळे? त्यात पहिल्या वेळी पोरगा भरपेट जेवून गेला होता. आधी निदान तीन तास पोट रिकामं लागतं, हे कुणी सांगितलंच नाही.

एफआयबी-४ (रक्ततपासणीवरून फायब्रोसिसचा अंदाज देणारं सूत्र) काढून पाहिला, पण त्यात वयाने गुणतात, म्हणजे १७ वर्षांच्या मुलाचा आकडा कमीच येणार. एप्री या तशाच दुसऱ्या सूत्रात वय नाही, पण प्लेटलेट आहेत, आणि त्या पेनिसिलामाइननेही घटू शकतात, म्हणजे आकडा उगाच चढणार. सगळीकडून पंचाईत.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी कृपया सांगा : फायब्रोस्कॅन किती महिन्यांनी करता? डॉक्टरांनी तरीही बायोप्सी सांगितली का? एमआर इलास्टोग्राफी (एमआरआयवर यकृताचा कडकपणा मोजणं) पुण्या-मुंबईत कुणी केली असेल तर खर्च किती आला?

गोळ्या बंद करायचा सल्ला कृपया नको, काढेही नकोत. धाकट्या भाचीचीही तपासणी करायची आहे, भावंडांत शक्यता २५ टक्के असते म्हणून.