ट्रॅबेक्टेडिन समुद्री प्राण्यांपासूनच का काढत नाहीत?

प्रश्न (विद्यार्थिनी, आरमोरी, जि. गडचिरोली):
मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन आजही सदाफुलीपासून काढतात आणि ती आमच्याकडे अंगणोअंगणी फुलते. ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरील औषधही निसर्गातच, एका समुद्री प्राण्यात सापडलेले अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त नैसर्गिक संयुग) आहे. मग तो प्राणी वाढवून औषध का काढले नाही?

उत्तर १ (प्राध्यापक, ब्रह्मपुरी):
एक टन प्राण्यांमागे जेमतेम एक ग्रॅम द्रव्य हाती येत असे, हे मुख्य कारण. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा या ट्युनिकेट (पिशवीसारख्या शरीराच्या समुद्री) प्राण्याच्या अर्काचा कर्करोगविरोधी परिणाम १९६९ मध्येच दिसला होता, परंतु रेणूची रचना निश्चित व्हायला १९९० उजाडले. त्या प्राण्याची शेतीही करून पाहिली गेली. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांच्या गटाने १९९६ मध्ये पूर्ण संश्लेषण, म्हणजे साध्या रसायनांपासून संपूर्ण रेणूची घडण, साधले. ते अत्यंत देखणे काम आहे, पण इतक्या टप्प्यांचा मार्ग कारखान्याला परवडत नाही. अखेर स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जिवाणू किण्वनाने सॅफ्रासिन बी तयार करतो आणि त्यात रेणूचा बराचसा सांगाडा आयता असतो, हे हेरून फार्मामार या स्पॅनिश औषध कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी २००० मध्ये, त्यापासून मिळणाऱ्या सायनोसॅफ्रासिन बी पासून अर्धसंश्लेषण (नैसर्गिक रेणूपासून सुरुवात करून केलेली घडण) प्रसिद्ध केले. युरोपात २००७ मध्ये मान्यता मिळालेले औषध याच वाटेने आले. माझ्या मते खरी बुद्धिमत्ता सुरुवातीचा पदार्थ निवडण्यात होती.

उत्तर २ (सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, वरोरा):
सरांच्या म्हणण्याला एक जोड देते. हे अल्कलॉइड तो प्राणी स्वतः बनवतच नाही, त्याच्या शरीरात राहणारा सहजीवी जिवाणू बनवतो, असे जनुकीय पुरावे सांगतात. तो जिवाणू प्रयोगशाळेत वेगळा वाढवणे कठीण असल्याने दुसऱ्या जिवाणूचा आधार घेणे अधिक सयुक्तिक ठरले.

विद्यार्थिनी:
मनःपूर्वक आभार. आमच्या जिल्ह्यात हिवतापाचा त्रास मोठा आहे, म्हणून विचारते, त्यावर असे एखादे समुद्री अल्कलॉइड आहे का?

उत्तर ३ (प्राध्यापक, ब्रह्मपुरी):
ओकिनावाच्या समुद्री स्पंजातून १९८६ मध्ये मिळालेले मँझामाइन ए अभ्यासा. उंदरांमधील हिवतापावर ते प्रभावी ठरले आणि १९९८ मध्ये त्याचे पूर्ण संश्लेषणही झाले, तरी ते अजून औषध झालेले नाही. त्याआधी पिक्टेट-स्पेंगलर अभिक्रिया पक्की करा. फेनिलएथिलअमाइन आणि अल्डिहाइड यांपासून टेट्राहायड्रोआयसोक्विनोलिन हे नायट्रोजनयुक्त वलय जोडणारी ही १९११ ची अभिक्रिया कोरींनी ट्रॅबेक्टेडिनच्या अखेरच्या टप्प्यांत वापरली आहे, आणि तिचे साधे रूप आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येते.