ऊस दारात, पण ई८५ टाकीत परवडेल का?

भीमाकाठ:
राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या सोलापूर जिल्ह्यात, आणि गाडी घेताना आपण बोलतो पेट्रोल, डिझेल नाहीतर इलेक्ट्रिक. माझं मत स्पष्ट आहे: इथली गाडी म्हणजे फ्लेक्स-फ्युएल हायब्रिड. ई२० (पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल) पासून ई८५ (८५ टक्के इथेनॉल) पर्यंत काहीही पचवणारं इंजिन, जोडीला मोटर आणि छोटी बॅटरी. टोयोटाने ऑगस्ट २०२३ मध्ये इनोव्हा हायक्रॉसचा असा नमुना दाखवला. ब्राझीलमध्ये फ्लेक्स हायब्रिड कोरोला २०१९ पासून विकली जाते. इथेनॉलचा ऑक्टेन (ठोके न देता दाब सोसण्याची क्षमता) १०८ च्या आसपास, त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवायला वाव मिळतो. थंडीत ते इंजिन लवकर पेटू देत नाही खरं, पण सोलापुरात थंडी असते किती दिवस? इलेक्ट्रिकवाल्यांनी फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्यांकडे एकदा बघावं. तो कोळसाच आहे.

हुतात्मा एक्स्प्रेस:
ऑक्टेनवर गाडी पळत नाही अण्णा, उष्मांकावर पळते. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलच्या २१. त्या हिशेबाने ई२० मध्ये ३० आणि ई८५ मध्ये २३ च्या आत. म्हणजे ई२० वर २० चं ॲव्हरेज देणारी हायब्रिड ई८५ वर १५ देणार. इंजिन खास इथेनॉलसाठी बांधलं तर एखादा किलोमीटर वाढेल. पेट्रोल १०५ रुपये धरा, ई८५ ला ८० च्या आतच भाव हवा, नाहीतर खिशातून जाणार. आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला २०२४-२५ हंगामात कारखान्यालाच लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे ठरले होते. त्यावर वाहतूक, कर, पंपाचं कमिशन. उरलं काय?

दुसरं, हायब्रिडचा खरा फायदा ब्रेक मारताना मिळणाऱ्या विजेत आहे. सात रस्त्याच्या गर्दीत तो दिसतो. पुणे हायवेवर १०० च्या स्पीडला अडीचशे किलोमीटर सरळ गेलात तर मोटरचा तो फायदा फारसा मिळत नाही.

ज्वारीची भाकर:
पैशाचं राहू द्या, पाण्याचं बोला. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे: उसापासून १ लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी. वरचं १५ चं ॲव्हरेज धरलं तर १०० किलोमीटरला पावणेसात लिटर ई८५, त्यात ५.७ लिटर इथेनॉल. म्हणजे १६ हजार लिटर पाणी! पाण्याच्या दीड-दोन टँकरवर सोलापूर ते तुळजापूर जाऊन-येऊन. उजनी मायनसमध्ये जाते तेव्हा हे कुणाला सांगायचं?

भीमाकाठ:
तो आकडा उसाचं सगळं पाणी इथेनॉलच्या माथी मारतो. मळीपासून इथेनॉल केलं तर ऊस साखरेसाठी आधीच पिकलेला असतो, मळी नाहीतरी निघणारच. शिवाय मका आहे.

ज्वारीची भाकर:
मळीचं गणितच करून दाखवतो. एक टन उसातून सी-हेवी मळी (साखर काढून शेवटी उरणारी) निघते ४०-४५ किलो, तिचं इथेनॉल १० लिटरच्या आसपास. तोच टनभर ऊस थेट रसावर गाळला तर ७० लिटर. ई२० पर्यंत मळी-धान्यावर भागवता येईल, ई८५ म्हटलं की थेट रसच लागणार. तोही हातात नाही. पाऊस कमी झाला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने रसाचं इथेनॉल एका आदेशात थांबवलं होतं, नंतर थोडं सैल केलं. इंधनाचा पुरवठा पावसावर आणि परिपत्रकावर! शिवाय मळीच्या दर लिटर इथेनॉलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश (घाण सांडपाणी) निघतो. ओढ्याकाठच्या गावांना विचारा.

रेडिएटर:
भांडा तुम्ही, पण कुणी साध्या ई२० गाडीत ई८५ ओतू नका. इथेनॉलला हवा कमी लागते (पेट्रोलला १४.७ : १, इथेनॉलला ९ : १), म्हणून तेवढ्याच हवेत इंजेक्टरने जवळपास एकतृतीयांश इंधन जास्त सोडायला हवं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आपल्या मर्यादेपर्यंत ओढून बघतो, मग पी०१७१ कोड (इंधन कमी पडतंय) टाकून इंजिनचा दिवा लावतो. तोवर गाडी धक्के खाते. साधे नायट्राइल रबरचे पाइप आणि ओ-रिंग फुगतात, तिथे व्हायटॉन रबर लागतं. जुन्या टाकीचा गाळ सुटून फिल्टर चोंदतो. बाजारातली नुसती इंजेक्टरची वेळ वाढवणारी किट पंप आणि रबर बदलत नाही.

हायब्रिडमध्ये आणखी एक गोम आहे. गावात इंजिन सारखं बंद-चालू होतं, तापतच नाही. न जळालेलं इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. फिलर कॅपच्या आतून दह्यासारखा थर दिसला तर ऑइल मुदतीआधी बदला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर काढा.

हुतात्मा एक्स्प्रेस:
म्हणूनच म्हणतो, इथेनॉल सोडा. इलेक्ट्रिकला १०० किलोमीटरला १५-१६ युनिट. आज ग्रिडवरून घेतलं तर युनिटला ०.७ किलोच्या हिशेबाने ११ किलो कार्बन, ५ लिटर पेट्रोल पिणारी हायब्रिडही तेवढाच सोडते, हे मान्य. पण छतावर ३ किलोवॉट सोलर असेल तर सोलापूरच्या उन्हात दिवसाला १२ युनिट मिळतात. एलएफपी बॅटरी (लोह-फॉस्फेटची) उष्णतेत एनएमसीपेक्षा (निकेल-कोबाल्टची) टिकते.

भीमाकाठ:
फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने छत कुठून आणायचं? आणि मे महिन्यात ४३ डिग्रीला उन्हात लावलेली ४० युनिटची बॅटरी महाग का हायब्रिडची ०.७६ युनिटची?

रेडिएटर:
छोटी बॅटरी स्वस्त, पण तिला हवा केबिनमधून मिळते. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ जाळी असते. तिच्यावर पिशव्या ठेवल्या की पंखा बोंबलतो, बॅटरी तापते, ईसीयू तिचा करंट कमी करतो आणि ॲव्हरेज गळतं. आपल्या धुळीत जाळीमागचा फिल्टर दर ५ हजार किलोमीटरला काढून झटका, व्हॅक्यूम मारा, धुऊ नका. बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही, तेवढ्यासाठी शोरूमला टोइंग नको. आणि हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला घरी हात लावायचा नाही.