भावाला केंद्रातून एकाच वेळी तीस सिरिंज का दिल्या असतील?

प्रश्न : शेवंती

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेली चार वर्षे हेरॉइन टोचून घेतो आणि वर्षभरापासून माझ्याकडे राहतो. मला सारे ठाऊक आहे हे त्यालाही माहीत असल्यामुळे आमच्यात आता लपवाछपवी उरलेली नाही. मागच्या आठवड्यात त्याच्या कपाटात कपडे ठेवताना खाकी कागदाची एक पिशवी हाती लागली. तिच्यात वेष्टनातल्या तीस सिरिंज, स्पिरिटचे बोळे, निर्जंतुक पाण्याच्या प्लॅस्टिकच्या कुप्या, बाटलीच्या बुचाएवढ्या पत्र्याच्या वाट्या आणि एक पिवळा डबा होता. विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितले की, हे सगळे सुई-सिरिंज बदलून देणाऱ्या केंद्रातून मिळाले, त्याचे पैसे पडले नाहीत आणि तिथे कोणी नावही विचारले नाही.

वापरलेली एक सुई दिली की नवी एक मिळते, अशी माझी समजूत होती. त्याने परत नेल्या होत्या जेमतेम आठ-दहा. मग तीस कशा दिल्या? घरात सुया जितक्या जास्त तितकी नशा जास्त, या विचाराने माझी झोप उडाली आहे. हे केंद्र नेमके कसे चालते आणि त्यामागचा विचार काय, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर : रात्रपाळी

शेवंतीताई, मी परिचारिका आहे आणि अशा केंद्रात आठ वर्षे काम केले आहे. आधी तुमच्या तीसचा हिशेब करू. हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो आणि सवय जडलेला माणूस दिवसातून तीन-चार वेळा टोचून घेतो. चार वेळा धरल्यास आठवड्याच्या अठ्ठावीस सुया होतात. पहिल्या प्रयत्नात शीर सापडली नाही, तर तीच सुई पुन्हा न खुपसता नवी घ्यावी, असे आम्ही सांगतो, म्हणजे दोन-चार जास्तीच्या लागतात. तेव्हा तीस हा साठा नव्हे, ती एका आठवड्याची गरज आहे.

केंद्रात आलेल्या माणसाला आम्ही तीन गोष्टी विचारतो: दिवसातून किती वेळा टोचता, तुमच्याकडून आणखी कोणी सुया घेते का, आणि पुन्हा कधी येणे जमेल. या उत्तरांवरून आकडा ठरतो. नावाऐवजी अक्षरे आणि अंक मिळून एक सांकेतिक क्रमांक असतो, कारण नाव लिहावे लागले असते तर निम्मी माणसे दारातूनच परत फिरली असती. परत आणलेल्या सुया आम्ही हातात घेत नाही; आणणाऱ्यानेच त्या मोठ्या डब्यात टाकायच्या आणि अंदाजे किती ते सांगायचे, आम्ही त्यावर विश्वास ठेवतो.

सुरुवातीच्या काळात बऱ्याच ठिकाणी ‘एकास एक’ असाच नियम होता आणि काही ठिकाणी तो अजूनही आहे. कागदावर तो नेटका दिसतो; पण ज्याने पोलिसांच्या भीतीने सुया वाटेत टाकल्या, किंवा ज्याला घरातून हाकलले आणि ज्याचे सामान मागेच राहिले, तो माणूस रिकाम्या हाताने येतो, रिकाम्याच हाताने परत जातो आणि त्या रात्री दुसऱ्याची वापरलेली सुई घेतो. ज्याला धोका सर्वांत जास्त, त्यालाच हा नियम दारात अडवतो. सुई नाही म्हणून नशा थांबल्याचे मी आठ वर्षांत एकदाही पाहिले नाही. उलट्या, घाम, हाडे ठणकणे सुरू झाले की माणूस मिळेल ती सुई वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० सालासाठी टोचून नशा करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे वर्षाला ३०० सुया-सिरिंज असे उद्दिष्ट ठेवले आहे आणि दिवसाला चार वेळा टोचणाऱ्याला तेवढ्या अडीच महिनेच पुरतात.

वाट्या आणि पाणी कशासाठी, हेही सांगते, कारण घरच्यांना त्याचाच राग जास्त येतो. हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार केवळ सुईतून पसरत नाही. एकाच वाटीतून किंवा गाळायच्या एकाच कापसातून दोघांनी पाण्यात विरघळवलेले हेरॉइन ओढले, तरी पहिल्याच्या सुईतले रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचते. प्रयोगशाळेतील चाचण्यांमध्ये सिरिंजच्या आत हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे. म्हणून सुई स्वतःची आणि वाटी दोघांत, हे चालत नाही.

या कामाची सुरुवात १९८४ साली ॲमस्टरडॅममध्ये झाली. शहरातल्या एका औषध दुकानाने सिरिंज विकणे बंद केल्यावर हिपॅटायटिस बीच्या धास्तीने नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने हे काम सुरू केले. सुया न दिल्यास काय होते, तेही एकदा दिसले. अमेरिकेतील इंडियाना राज्यात अशा केंद्रांना परवानगी नव्हती आणि तिथल्या स्कॉट काउंटी या लहानशा ग्रामीण भागात २०१५ साली वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचणाऱ्यांमध्ये एचआयव्ही पसरला. बाधितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. राज्यपालांना आणीबाणी जाहीर करून केंद्र उघडू द्यावे लागले, पण तोवर त्या लोकांना संसर्ग होऊन गेला होता.

उत्तर : पायवाट

मी सहा वर्षांपूर्वी नशा सोडली. त्याआधी माझ्याजवळ एकच सुई असे, ती मी आठवडाभर वापरी आणि टोक बोथट झाले की काडेपेटीच्या खरखरीत बाजूवर घासून घेई. सिरिंजवरचे आकडे बोटांच्या घासण्याने पुसून जात, त्यामुळे आपण किती घेतो आहोत हेही धड कळत नसे. माझी आणि सोबत राहणाऱ्या मित्राची सिरिंज अगदी सारखी दिसे आणि अंधारात कोणाची कोणी उचलली याचा काही नेम नव्हता. मला हिपॅटायटिस सी तिथेच झाला असणार.

केंद्रात पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी माझ्या बाहीकडे पाहून “हात दाखवता का?” एवढेच विचारले. कोपराच्या आत गळू झाले होते. दवाखान्यात शिव्या खाव्या लागतील म्हणून मी ते दहा दिवस झाकून ठेवले होते. त्यांनी ते धुऊन पट्टी बांधली, दोन दिवसांनी पुन्हा बोलावले आणि नशा सोडण्याविषयी चकार शब्द काढला नाही. तो विषय मीच काढला, चौदा महिन्यांनी, आणि त्यांनी त्याच दिवशी हेरॉइनची तलफ शमवणारे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. पुढे बारा आठवडे गोळ्या घेऊन हिपॅटायटिस सीही पूर्ण बरा झाला. ताई, तुमचा भाऊ केंद्रात जातो, ही माझ्या मते तुमच्या घरातली या वर्षातली सर्वांत चांगली बातमी आहे.

उत्तर : पारंबी

मी या सेवेच्या विरोधात नाही, तरीही एक शंका मनापासून विचारते. माझ्या मुलीला खेळाच्या मैदानाच्या कुंपणाशी वापरलेली सुई सापडली होती. सुदैवाने तिने ती उचलली नाही. नेलेल्या सुया मोजून परत मागितल्या नाहीत, तर अशा सुया वाढणार नाहीत का?

उत्तर : रात्रपाळी

पारंबीताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. अमेरिकेत दोन शहरांची अशी तुलना केली गेली आहे. मायामीत केंद्र नसताना आणि सॅन फ्रान्सिस्कोत ती अनेक वर्षे चालू असताना रस्तोरस्ती फिरून पाहणी केली, तेव्हा उघड्यावर पडलेल्या सुया मायामीत सुमारे आठपट आढळल्या. टाकायला जागा आणि डबा मिळाला, तर बहुतेक लोक सुया तिथेच टाकतात. तरीही उघड्यावर सुई दिसलीच, तर मुलांनी मोठ्यांना बोलवावे आणि मोठ्यांनी ती चिमट्याने जाड डब्यात टाकावी. टोपण परत बसवू नये. चुकून टोचली, तर जागा पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच डॉक्टर गाठावा, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात.

शेवंतीताई, तुम्हाला एक विनंती आहे. केंद्रात नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनचा अंमल उतरवणारे औषध, मिळते का, ते भावाला विचारा आणि शक्य असेल तर ते वापरायचे प्रशिक्षण तुम्हीही घ्या. जास्त मात्रेने श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारूनही जाग येत नसली, तर ते नाकात फवारायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची. थोड्या वेळाने त्याचा परिणाम ओसरतो आणि श्वास पुन्हा अडखळू शकतो, म्हणून मदत येईपर्यंत जवळून हलू नका.

शेवंती

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल मी ती पिशवी त्याच्यासमोर ठेवून, “आठवड्याला पुरतात का?” एवढेच विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “शेवटच्या दोन दिवसांना कमी पडतात.” त्या दोन दिवसांत काय करतो, हे मी विचारले नाही, पण त्याने आपणहून सांगितले. गुरुवारी हिपॅटायटिसच्या तपासणीसाठी तो केंद्रात जाणार आहे आणि नॅलोक्सोन शिकायला मीही सोबत जाणार आहे. वापरलेल्या सुयांचा पिवळा डबा आता न्हाणीघरात वरच्या फळीवर ठेवला आहे. तो पाऊण भरला की झाकण पक्के दाबून बंद करायचे, ते एकदा बसले की पुन्हा उघडत नाही, हे त्यानेच मला दाखवले.