रंगावर जाऊ नका, आधी बूच लावून पाणी भरा

तुम्ही विकत घ्यायची म्हणताय ती जुनी बोट वर्णनावरून १४ फुटी, अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी (ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी) जोडलेली बास बोट, म्हणजे मासेमारीची छोटी बोट दिसतेय आणि तुम्हाला ती गोव्यात मांडवी नदीत चोणक, तामसो हे मासे धरायला हवीय. तळावर नवा गालिचा असेल तर तो उचलाच. खाली कुजकं प्लायवुड असू शकतं.

ट्रेलरवरच, पाणी काढायच्या भोकाला बूच लावून आत चार-पाच इंच पाणी भरा आणि बाहेरून झिरपणाऱ्या रिव्हेटांवर खूण करा. जास्त भरू नका, वजनाने तळ वाकतो. सैल रिव्हेट दोघांनी मिळून, एकाने आतून जड लोखंडाचं टेकण धरून दुसऱ्याने बाहेरून ठोकला की बहुधा बसतो. नाही बसला तर बदला. नुसतं सिलिकॉन फासणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची सोय.

मग इंजिन किंचित वर करून त्याचा खालचा भाग हाताने वर-खाली हलवा. इंजिन जिच्यावर बसतं ती मागची फळी लवली, तर आतलं लाकूड गेलंय. नवं घालताना मरीन प्लाय इपॉक्सीने सगळ्या कडांसकट बंद करा. तांब्याची प्रक्रिया केलेलं प्लाय नको, ते अॅल्युमिनियम खातं. तांब्याचा शेवाळरोधक रंगही नकोच.

खारं पाणी हा खरा प्रश्न. स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, तर गंज सुरू झालाय. गोड्या पाण्यासाठीचे मॅग्नेशियमचे अॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) असतील तर काढून अॅल्युमिनियमचे बसवा आणि बॅटरीचं निगेटिव्ह सांगाड्याला जोडू नका.

बैठकीखालचा, बोट तरंगती ठेवणारा फोमही दाबून बघा, पाणी प्यायलेला निघाला तर भाव पाडून मागा. नोंदणीचं आधी बंदर कप्तान खात्यात विचारून घ्या.