वयाच्या ४४ व्या वर्षी बॅगपाइप शिकायचाय, नाशकात सुरुवात कशी करू?

नाशिकरोडकर_४४
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल. वडील नोट प्रेसला होते त्यामुळे लहानपण नाशिकरोडला गेलं, देवळाली कॅम्पात एकदा लष्कराचा पाइप बँड ऐकला तेव्हापासून ते डोक्यात बसलंय ते बसलंयच. आता पोरीची दहावी उरकली, संध्याकाळ मोकळी असते. संगीत म्हणाल तर शाळेत असताना पेटीच्या दोन परीक्षा दिल्यात, बस्स. ऑनलाइन एक अख्खा सेट बघून ठेवलाय, शिसवी लाकडाचा, मेरठचा, चौकड्याची पिशवी वगैरे, दिसतो भारी. घेऊन टाकू का? आणि फ्लॅटमधे वाजवता येतो का? इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, खालच्या आजोबांना आमच्या मिक्सरचा पण त्रास होतो.

फौजी_पाइपर
थांबा भाऊ, सेट अजिबात घेऊ नका. आधी प्रॅक्टिस चँटर घ्या (चँटर म्हणजे बोटांनी सूर वाजवायची भोकांची नळी, अख्ख्या सेटला पण असते, ही नुसती सरावाची). बासरीसारखा दिसतो, पिशवी नाही, ड्रोन नाहीत (ड्रोन म्हणजे खांद्यावरचे ते तीन पाइप, द्राक्षावर फवारणी करतो तो नव्हे), आवाज कमी, आजोबा सुखात. फौजेत आम्हाला पण सहा-आठ महिने नुसता चँटरच होता, पिशवीला हात लावला की उस्ताद ओरडायचे.

पेटीवाल्यांची सवय म्हणजे बोटं वाकडी ठेवणं. इथं बोटं सरळ ठेवायची आणि भोक टोकानं नाही तर पेराच्या मांसल भागानं झाकायचं. डावा हात वर, उजवा खाली. पुढे सात भोकं, मागे अंगठ्याला एक, सूर फक्त नऊ. ऐकायला सोपं वाटतं ना? पण गंमत अशी की बॅगपाइपचा आवाज मधेच थांबवता येत नाही, लहानमोठा पण करता येत नाही, त्यामुळे एकच सूर दोनदा वाजवायचा तर मधे दुसऱ्या बोटाचा बारीक झटका द्यावा लागतो. सगळी कला त्या झटक्यांत आहे, धून पाठ होते हो आठवड्यात, झटके साफ यायला वर्ष जातं. रोज २० मिनिटं बसा, रविवारी तीन तास बसून काही होत नाही.

उपनगरचा_बंड्या
मी हाच गाढवपणा केलाय, सेट आधी घेतला. एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तात आला, पिशवीतून हवा सुटत होती, रीड (फुंकल्यावर थरथरून आवाज काढते ती पत्ती) एवढी कडक की फुंकून फुंकून डोळ्यापुढे काजवे चमकले आणि जो आवाज निघाला तो ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या बोकड सोड त्याला. दुकानवाल्यानं नंतर फोन उचलणं बंद केलं. अजून कपाटावर पडलाय. पुढं कधी सेट घ्याल तेव्हा सगळ्या तोंडांना बूच लावून पिशवी टम्म फुगवा, थोडा वेळ थांबून दाबून बघा, मऊ पडली असेल तर सरळ परत द्या.

सनई_पंचवटी
आमच्या घरी सनई आहे म्हणून थोडं बोलतो. सनईत श्वास नाकानं घेताना गालातली हवा सोडत सूर चालू ठेवावा लागतो, पाइपमधे ते काम पिशवी करते. तुम्ही श्वास घेता तेव्हा डाव्या कोपरानं पिशवी दाबायची, पण फुंकताना आणि दाबताना दाब सारखाच पाहिजे नाहीतर सूर हलतो.

पेटी येते ना, मग असं समजा. ड्रोन धरतात तो तुमचा षड्ज. चँटरवर मंद्र कोमल निषाद, मग सा रे ग म प ध, कोमल नी आणि तार सा. झाले नऊ. म्हणजे सरळ खमाज थाट. भूप, दुर्गा आरामात वाजतील, यमनचा नाद सोडा, तीव्र मध्यम पण नाही आणि शुद्ध निषाद पण नाही.

नाशिकरोडकर_४४
भूप वाजेल हे वाचूनच निम्मा शिकलो 😄 चँटरची ऑर्डर टाकली आत्ताच, सेट कार्टमधून काढला. पुढं सेट येईल तेव्हा वाजवायचा कुठं ते तरी सांगून ठेवा.

फौजी_पाइपर
फ्लॅटमधे तर नकोच, अख्खी बिल्डिंग खाली येईल. गंगापूर धरणाच्या बाजूला जा सकाळी, नाहीतर एखाद्या मित्राचा मळा बघा दिंडोरीकडं. फक्त थंडीत गाडीतून काढला की लगेच जोरात फुंकू नका, गार लाकडात गरम श्वास गेला की तडकतं, आधी कुशीत धरून कोमट होऊ द्या. पिशवी आली की तिन्ही ड्रोनला बूच मारा, नुसता चँटर वाजवा, तो स्थिर झाला की एकेक ड्रोन उघडत जा. एकदम तिन्ही उघडलेत तर दोन मिनिटांत चक्कर येऊन खाली बसाल. चँटर आला की बोटांचा फोटो टाका इथं, बोटं वाकडी असतील तर तिथंच सांगतो.

उपनगरचा_बंड्या
माझा कपाटावरचा सेट कोणाला पाहिजे का? बोकडासकट.