आवाज गेला, पण हिरव्या दांड्या नाचून राहिल्या

मानेवाड्याची टायपिस्ट:
नमस्कार मंडळी. मी घरी बसून रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम करते. मुलाखती, सभेतली भाषणं, असलं काहीबाही. परवा दुपारी लाइट गेली, वीसेक मिनिटांनी आली, कॉम्प्युटर सुरू केला तर आवाज गायब. पार चिडीचूप.

असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, आठ वर्षं जुना, विंडोज १०. दोन छोटे स्पीकर मागच्या हिरव्या भोकात लावलेले. त्यांची पिन काढून मोबाइलला लावली तर गाणं खणखणीत वाजलं, म्हणजे स्पीकर धडधाकट आहेत. खालचा आवाज शंभरवर आहे. तीनदा रीस्टार्ट झालं. शेजारच्या पोरानं ड्रायव्हर काढून परत टाकला, त्यात अर्धा तास गेला, फरक शून्य. सीताबर्डीतल्या एका दुकानात फोन केला तर मशीन न बघताच म्हणे, "मदरबोर्ड गेला असंल मॅडम, नवीन टाका." फोनवरच पोस्टमॉर्टेम! सोमवारी दोन तासांची सभा टाइप करून द्यायची आहे. काही सुचवा ना.

रात्रपाळीचा कोडर:
ताई, एवढ्यात नवा मॉनिटर लावला काय? एचडीएमआयच्या वायरीनं लावला असेल तर विंडोज बरेचदा आवाज मॉनिटरकडे पाठवतं, आणि मॉनिटरला स्पीकर असतातच असं नाही. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करून साउंड सेटिंगमध्ये जा, तिथून साउंड कंट्रोल पॅनेल उघडा. प्लेबॅकच्या यादीत हिरवी खूण कोणत्या नावाला आहे ते बघा. गाणं लावून ठेवा आणि त्या नावाशेजारच्या दांड्या हलतात का तेही सांगा. सर्व्हिसेसच्या (म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत "विंडोज ऑडिओ" आणि "विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर" या दोन्ही सुरू आहेत ना, एवढं पाहून घ्या.

मानेवाड्याची टायपिस्ट:
मॉनिटर जुनाच, निळ्या पिनेचा, त्यातून आवाज जातच नाही. दोन्ही सर्व्हिस सुरू आहेत. गंमत म्हणजे गाणं लावलं की हिरव्या दांड्या वरखाली नाचतात, ऐकू मात्र काही येत नाही. आणि खूण "हेडफोन"वर आहे. हेडफोन तर घरातच नाही, पोरगा पुण्याला घेऊन गेला. हां, एक सांगायचं राहिलं. आठवडाभरापासून मधेच कोपऱ्यात "तुम्ही आत्ता डिव्हाइस जोडलं" अशा अर्थाची पट्टी येते आणि जाते. मी लक्ष दिलं नाही.

सोल्डरवाले काका:
बाई, दुखणं सगळं त्या "सांगायचं राहिलं"मध्येच आहे. एकच सांगा, कूलर कुठं ठेवला?

मानेवाड्याची टायपिस्ट:
खिडकीत, टेबलाला लागूनच. पारा ४५ वर आहे काका, कूलरशिवाय त्या खोलीत बसवत नाही.

सोल्डरवाले काका:
तेच म्हटलं. मदरबोर्ड-बिदरबोर्ड काही गेला नाही. दांड्या नाचून राहिल्या म्हणजे विंडोज आवाज बरोबर पाठवतंय, तो चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. कॅबिनेटच्या पुढं हेडफोनचं भोक असते ना, त्याच्या आत पातळ पत्रीचा स्विच असतो. पिन आत गेली की स्विच बदलतो, मशीन समजते हेडफोन आला, आणि मागचे स्पीकर बंद करून टाकते. कूलरची ओलसर हवा अन् धूळ मिळून त्या पत्रीवर हिरवट गंज चढतो, कॉन्टॅक्ट खराब होतो, आणि मशीनला भुताचा हेडफोन दिसाले लागतो. दर मे-जूनमध्ये माझ्याकडे असे पेशंट येतात.

आधी फुकटचा उपाय. एखादी पिन पुढच्या भोकात आठ-दहा वेळा घाला-काढा. कधीकधी तेवढ्यानं पत्री सुटते. रिअलटेक म्हणजे आवाजाची चिप बनवणारी कंपनी, तिचा ऑडिओ कन्सोल हा प्रोग्रॅम असंल तर त्यात पुढच्या पॅनेलचं जॅक डिटेक्शन, म्हणजे भोकात पिन आहे का ते ओळखणं, बंद करायचा पर्याय राहतो. पण पोरानं विंडोजचा साधा ड्रायव्हर टाकला असंल तर तो दिसणार नाही.

नाहीच जमलं तर बंद करा, पॉवरची वायर भिंतीतून काढा, बाजूचं झाकण उघडा. पुढून येणारी बारीक तारांची जुडी मदरबोर्डच्या खालच्या काठाशी लागली असंल, बहुतेक डाव्या कोपऱ्यात. शेजारी एफ ऑडिओ, एचडी ऑडिओ किंवा एएएफपी लिहिलं राहते. ती सरळ वर ओढून काढा. घाई करू नका, यूएसबीची जुडीही तशीच नऊ पिनांची असते. ओळख अशी: यूएसबीत दहावी जागा अगदी कोपऱ्यात रिकामी, ऑडिओत कोपऱ्याच्या एक घर अलीकडे.

रात्रपाळीचा कोडर:
काका, मी तर सरळ विंडोज नवीन टाका म्हणणार होतो 😅

मानेवाड्याची टायपिस्ट:
आला आवाज! पिन घालून-काढून एकदा "खर्र" झालं आणि परत चूप. मग झाकण उघडलं. धूळ एवढी की आधी जुन्या रंगाच्या ब्रशनं झाडून काढली. एचडी ऑडिओ लिहिलेलं सापडलं, रिकामी जागा दोनदा मोजली, देवाचं नाव घेऊन ओढलं. मशीन सुरू केलं तर यादीत "हेडफोन" जाऊन "स्पीकर" आलं, आणि थांबवून ठेवलेल्या सभेतले अध्यक्ष शंभरच्या आवाजात एकदम ओरडले. सासूबाई आतून धावत आल्या.

आता पुढची भोकं बंद झाली ना? रात्री सगळे झोपल्यावर काम करायचं तर हेडफोन कुठे लावू?

सोल्डरवाले काका:
तुमच्या स्पीकरला आवाजाच्या बटणापाशी भोक आहे का बघा, तिथं चालते. नसंल तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या, पेनड्राइव्हएवढं असते, मागच्या यूएसबीत लावा. अन् कूलर दुसऱ्या खिडकीत सरकवा.

मानेवाड्याची टायपिस्ट:
दुसरी खिडकी सासूबाईंच्या खोलीत आहे, काका. कॉम्प्युटरच सरकवते.